रंगविभाजन (संगणकीय भरतकाम)

संगणकीय भरतकामाच्या नक्षीतील एका आकृतीचे, प्रत्येकी एकाच रंगाच्या धाग्याने भरता येतील अशा स्वतंत्र भागांत केलेले विभाजन म्हणजे रंगविभाजन होय. यंत्राच्या एका सुईत सामान्यतः एकाच रंगाचा धागा असल्याने ते आवश्यक ठरते. उदाहरणार्थ, गोंदिया जिल्ह्यात आढळणाऱ्या सारस पक्ष्याच्या नक्षीत राखाडी अंग आणि मानेचा लाल वरचा भाग वेगळे करावे लागतात.

पद्धत
आकृतीवर छेदरेषा काढून तिचे बंदिस्त भाग केले जातात. प्रत्येक भागाला रंग, टाक्यांची दिशा आणि भरण्याचा क्रम दिला जातो. इंकस्केपसोबत चालणाऱ्या 'इंक/स्टिच' या मुक्त प्रणालीत क्रमाने बदलणाऱ्या छटेचे एकरंगी पट्ट्यांत रूपांतर करता येते.

दक्षता
टाक्यांच्या ताणाने कापड आकसते. भाग केवळ कडेला कड लावून ठेवल्यास मध्ये फट पडून कापड दिसते. म्हणून आधी भरायच्या भागाची कड नंतरच्या भागाखाली किंचित वाढवतात. 'डीएसटी' प्रकारच्या फाइलमध्ये धाग्यांचे रंग नव्हे, तर रंगबदलाचे थांबे नोंदलेले असतात. त्यामुळे सोबत रंगक्रमाची यादी नसल्यास सारसाची मान राखाडी आणि अंग लाल भरले जाऊ शकते.

हातमागाशी तुलना
विदर्भातील करवतकाठी साडीत रंगविभाजन विणतानाच होते. दोन्ही काठ आणि अंग यांसाठी तीन धोटे वापरून सीमेवर धागे परस्परांत अडकवले जातात. भरतकामात मात्र रंग तयार कापडावर चढतात.