गोल करणाऱ्यालाच जेव्हा गोल वाचवायला उभं करतात! आईस हॉकीतल्या ‘डबल रोल’ची गोष्ट

एका मोसमात ५६ गोल ठोकणारा खेळाडू. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ‘हार्ट ट्रॉफी’ मिळवलेला. आणि कोच त्याला सांगतो, “आजपासून तू मागे, बचावात खेळायचं.”

ऐकायला वेडेपणा वाटतो ना? पण हे खरंच घडलंय. हा खेळाडू होता डेट्रॉइट रेड विंग्जचा रशियन स्टार सर्गेई फेदोरोव आणि कोच होते स्कॉटी बोमन. १९९६-९७ च्या मोसमात बोमन यांनी फेदोरोवला काही काळ चक्क डिफेन्समन म्हणून खेळवलं. त्याच मोसमाच्या शेवटी डेट्रॉइटने ४२ वर्षांनंतर स्टॅनली कप जिंकला.

पण फॉरवर्डला डिफेन्समन करायची वेळ का येते? आणि हे सगळ्यांना का जमत नाही?

आधी खेळ समजून घेऊ

आईस हॉकीत एका संघाचे सहा जण बर्फावर असतात. एक गोली, दोन डिफेन्समन आणि तीन फॉरवर्ड. खेळ इतका दमवणारा असतो की खेळाडू साधारण पाऊण मिनिट खेळून बाहेर बसतात आणि दुसरे आत येतात. एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये सामन्यासाठी दोन गोली सोडून १८ खेळाडू तयार ठेवता येतात. त्यात साधारणपणे १२ फॉरवर्ड आणि फक्त ६ डिफेन्समन असतात.

खरी अडचण इथेच आहे. सामना सुरू असताना दोन डिफेन्समन जखमी झाले, तर उरलेल्या चौघांवर सगळा भार येतो. दमलेला खेळाडू चुका करतो. अशा वेळी मागे खेळू शकणारा एखादा फॉरवर्ड हाताशी असणं म्हणजे कोचसाठी लॉटरीच!

मग अवघड काय आहे?

सगळ्यात अवघड आहे उलटं स्केटिंग. फॉरवर्ड बहुतेक वेळ पुढे तोंड करून धावतो. डिफेन्समनला समोरून वेगात येणाऱ्या खेळाडूकडे तोंड ठेवून मागे सरकावं लागतं. अंतर जास्त ठेवलं तर समोरचा आरामात शॉट मारतो. फार जवळ गेलं तर तो बाजूने निसटतो. हा अंदाज वर्षानुवर्षांच्या सरावाने येतो.

दुसरं म्हणजे चुकीची किंमत. फॉरवर्ड चुकला तर सावरायला मागे दोन जण असतात. डिफेन्समन चुकला की मागे उरतो तो फक्त गोली.

असं असूनही फॉरवर्डला मागे का आणतात? कारण आक्रमणाची सुरुवात मागूनच होते. आपल्या गोलजवळ पक मिळाल्यावर दबावाखाली न गडबडता पहिला पास अचूक देणं, किंवा स्वतःच पक घेऊन पुढे सुटणं, हे काम चांगला फॉरवर्ड सहज करू शकतो. फेदोरोवचं स्केटिंग आणि पासिंग म्हणूनच बचावातही उपयोगी पडलं.

मार्क होवी: वडिलांच्या सावलीतून बाहेर

महान खेळाडू गॉर्डी होवी यांचा हा मुलगा. ह्यूस्टन एरोज संघात तो वडील आणि भाऊ मार्टी यांच्यासोबत खेळला, तो लेफ्ट विंगर म्हणून. पुढे तो बचावात सरकला आणि तिथेच त्याने नाव काढलं. १९८५-८६ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सकडून खेळताना त्याचा ‘प्लस-मायनस’ आकडा होता +८५. म्हणजे तो बर्फावर असताना, पॉवर प्लेचे गोल सोडून, त्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ८५ गोल जास्त केले. सर्वोत्तम डिफेन्समनच्या ‘नॉरिस ट्रॉफी’साठी तो तीनदा दुसरा आला. २०११ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

ब्रेंट बर्न्स: पुढे, मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे

सगळ्यात भन्नाट प्रवास या कॅनेडियन दाढीवाल्याचा. २००३ मध्ये मिनेसोटा वाइल्डने त्याला राइट विंगर म्हणून निवडलं आणि डिफेन्समन बनवलं. नंतर सॅन होजे शार्क्सने त्याला पुन्हा पुढे आणलं. २०१३-१४ मध्ये त्याने फॉरवर्ड म्हणून २२ गोलही केले. तरीही पुढच्या मोसमात संघाने त्याला परत मागे पाठवलं.

चांगला चाललेला गोल करणारा खेळाडू मागे नेणं हा जुगारच होता. पण २०१६-१७ मध्ये बर्न्सने डिफेन्समन असूनही २९ गोल केले आणि नॉरिस ट्रॉफी पटकावली!

डस्टिन बफलिन: कप जिंकून दिला, तरी जागा बदलली

बफलिनची निवड डिफेन्समन म्हणून झाली होती, पण शिकागो ब्लॅकहॉक्सने त्याला फॉरवर्ड म्हणून वापरलं. २०१० च्या प्लेऑफमध्ये त्याने ११ गोल केले आणि शिकागोने स्टॅनली कप जिंकला. त्यानंतर लगेच तो अटलांटा थ्रॅशर्सकडे गेला, पुन्हा डिफेन्समन झाला आणि पहिल्याच मोसमात त्याने २० गोल केले.

थोडक्यात काय?

होवी आणि बर्न्सने मागे जाऊन आपलं आक्रमण सोडलं नाही. त्यांनी ते फक्त वेगळ्या जागेवरून सुरू केलं. वेग आणि पासिंग त्यांच्याकडे आधीपासून होतंच. नव्याने शिकावं लागलं ते उलटं धावणं, थांबणं आणि धोका कधी पत्करायचा नाही हे ओळखणं. ज्याला हे शेवटचं जमतं, तोच फॉरवर्ड बचावात टिकतो.