स्वयंवर की वधूपरीक्षा?

इ. स. १८४७ च्या जुलै महिन्यात मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक छळास कंटाळून, आज अमेरिकेतील युटा राज्यात मोडणाऱ्या एका रुक्ष खोऱ्यात वसाहतीस आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या उभ्या पिकांवर काळसर कीटकांच्या फौजा चालून आल्या. मागाहून आलेल्या कुरव पक्ष्यांच्या थव्यांनी त्यांतील असंख्य कीटक गट्ट केले. या उपकाराचे स्मारक सॉल्ट लेक सिटीत १९१३ साली उभे राहिले. कीटकास मात्र त्या पंथाचेच नाव चिकटले : मॉर्मन रातकिडा. वस्तुतः हा लांब मिशांचा, उडता न येणारा, नाकतोड्याचा सगोत्र होय.

इतिहासाने त्याची भूक तेवढी नोंदविली. त्या भुकेने त्याच्या विवाहविधीतही केवढी उलथापालथ केली आहे, हे कळावयास शतकाहून अधिक काळ लोटावा लागला.

प्राणिसृष्टीत बहुधा नर झगडतात व मादी निवड करते, असे डार्विनने १८७१ साली प्रतिपादिले. हे आपल्या पुराणांतील स्वयंवरच म्हणावयाचे. परंतु डॅरिल ग्विन या शास्त्रज्ञाने १९८१ साली या कीटकांविषयी प्रसिद्ध केलेली हकीकत नेमकी उलट होती. दाट झुंडीत नर गाऊ लागताच माद्या धावून येत व एकमेकींशी झुंजत. नर हलक्या मादीस नाकारी आणि भारी, म्हणजेच अधिक अंडी धारण करणारी, मादी पत्करी. ही तर वधूपरीक्षाच!

याचे कारण नराच्या आहेरात आहे. समागमसमयी तो मादीस बीजाबरोबर एक पौष्टिक गोळा देतो. त्याचे वजन नराच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश भरते, व मादी तो खाऊन टाकते. झुंडीत प्रथिने व मीठ यांची इतकी वाण असते की, मागे रेंगाळणाऱ्यास मागचा सोबतीच खातो. झुंड पुढे रेटली जाते ती याच धाकाने, हे २००६ मधील संशोधनाने दाखविले. अशा दुष्काळात तो गोळा अमोल ठरतो, आणि देणारा चोखंदळ बनतो. जेथे हे कीटक विरळ असतात, तेथे मात्र माद्यांची झुंज नाही आणि नरांचा चोखंदळपणाही नाही.

जात तीच, शरीरही तेच. पालटते ती परिस्थिती. कीटकांवरून मनुष्याचे नियम बसविण्याचे धाडस अर्थातच कोणी करू नये. तथापि ‘हा निसर्गाचाच नियम’ असे म्हणून स्त्रीपुरुषांचे स्वभाव कायमचे ठरवून टाकणाऱ्याने या चिमुकल्या साक्षीदाराची जबानी एकवार ऐकून घ्यावी.