मागच्या बाकावरचा मायनस नंबर

आजचा भाग चष्म्याच्या इतिहासावर आहे. आधी एक विनंती. ऐकायला डोळे लागत नाहीत, तेव्हा फोन खिशात टाका आणि जमलं तर बाहेर चक्कर मारत ऐका. का, ते शेवटी कळेलच.

माझा नंबर उजवा मायनस साडेसहा, डावा मायनस सात. सहावीत मी मागच्या बाकावर बसायचो. फळा दिसायचा नाही, म्हणून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचो. प्रगतिपुस्तकात शेरा आला, 'लक्ष नसते'. घरी बोलणी खाल्ली. पोराला दिसतच नाही, हे कळायला अजून दीड वर्ष गेलं. चष्मा आला, पण पप्पा म्हणाले, "सारखा लावू नकोस, नंबर वाढतो." मग मी तो फक्त वर्गात लावायचो. आणि क्रिकेट सोडून दिलं, कारण चष्म्याशिवाय चेंडू दिसायचा नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

बारावीनंतरच्या सुट्टीत मी इथेच, उस्मानपुऱ्यात, ओळखीच्या डॉक्टरांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दोन महिने काम केलं. नाव लिहून घ्यायचं, तक्त्यासमोर बसवायचं, बाहुली मोठी करायचे थेंब घातलेल्यांना वेळ सांगायची. तेव्हा लक्षात आलं, मोतीबिंदूवाल्या आजोबांना कुणी दोष देत नाही. पण नंबर निघालेल्या पोराला आई तिथेच दटावते, "बघ, अजून बघ टीव्ही!" आणि मुलगी असेल तर हळूच प्रश्न येतो, "लग्नापर्यंत जाईल ना हो चष्मा?"

हा दोष द्यायचा प्रकार कुठून आला? तर तो बराच जुना आहे.

आधी थोडं विज्ञान. मायनस नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांब वाढलेला असतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. अंतर्गोल काच ती मागे ढकलते. अशा काचा युरोपात पंधराव्या शतकातच मिळायच्या, पण त्या काम कशा करतात हे १६०४ साली नीट मांडलं योहानेस केप्लरने. हो, ग्रहांच्या नियमांवाला केप्लर. आणि त्याची स्वतःची नजर अधू होती!

पुढचा टप्पा लंडनचा. जेम्स वेअर नावाच्या नेत्रवैद्याने १८१३ साली एक निरीक्षण छापलं. राजाच्या पायदळातल्या सुमारे १०,००० शिपायांत लांबचं न दिसणारे अर्धा डझनही नव्हते. ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात मात्र १२७ पैकी ३२ विद्यार्थी भिंग किंवा चष्मा वापरत होते. मग १८६७ साली ब्रेस्लाऊच्या हेरमान कोन या डॉक्टरने १०,०६० शाळकरी मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष छापले. खेड्यातल्या शाळांत शंभरात दोघांनाही हा त्रास नव्हता. शहरातल्या वरच्या दर्जाच्या शाळांत जवळपास चौथा हिस्सा मुलांना होता. निष्कर्ष सरळ वाटला : पुस्तकं डोळे खातात.

आपल्याकडे हीच समजूत न्यायमूर्ती रानड्यांच्या गोष्टीलाही जोडता येते. रानडे म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, अफाट वाचणारे, आणि नजर कमजोर. रमाबाई त्यांना वाचून दाखवत. त्यांच्या १९१० सालच्या आठवणींच्या पुस्तकामुळे हे घराघरांत पोचलं. 'फार वाचलंस तर डोळे जातील' हे वाक्य पुस्तकांसाठी होतं, मग टीव्हीसाठी झालं, आता मोबाइलसाठी आहे.

यात गंमत अशी की, कोनने शाळांना अजून एक गोष्ट सांगितली होती : वर्गात उजेड वाढवा. ते मागे पडलं. विसाव्या शतकात बराच काळ तर 'हे आनुवंशिक, काही करता येत नाही' असंच मानलं गेलं. सरकारी लक्षही दुसरीकडे होतं, आणि त्याला कारण होतं. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सगळ्यात मोठा शत्रू मोतीबिंदू होता. आपल्या मराठवाड्यात आजही 'डोळ्यांचं शिबिर' म्हटलं की मोतीबिंदूच आठवतो. मागच्या बाकावरचं पोरगं त्या रांगेत कधी आलंच नाही.

मग २००८ साली सिडनीच्या संशोधकांना दिसलं की जी मुलं जास्त वेळ उघड्यावर असतात, त्यांच्यात मायनस नंबर कमी निघतो, अभ्यास कितीही असो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यात ३०.४ टक्के मुलांना नंबर लागला, इतर शाळांत ३९.५ टक्के. हा निकाल २०१५ साली छापून आला. तैवानने तर २०१० पासूनच शाळांना रोज १२० मिनिटं बाहेर हे लक्ष्य दिलं होतं. संशोधकांचा अंदाज असा की भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन सुटतं आणि ते गोळ्याची लांबी आवरतं. वर्गात उजेड काहीशे लक्स असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही हजारांत. म्हणजे आपल्या मे महिन्याच्या उन्हात पोरांना भाजायची गरज नाही. सकाळ-संध्याकाळ, टोपी घालून, सावलीतही चालतं.

आणि पप्पांचा सल्ला? मलेशियातला २००२ सालचा अभ्यास सांगतो की मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. म्हणजे मी चष्मा काढून ठेवला, त्यामुळे क्रिकेट सुटलं, क्रिकेटबरोबर ऊनही सुटलं. पप्पांनी वाईट चिंतलं नव्हतं. त्यांना जे माहीत होतं तेच त्यांनी सांगितलं.

हे सगळं मी का वाचत बसलो? गेल्या दिवाळीत माझ्या सात वर्षांच्या भाचीचा नंबर निघाला, मायनस दीड. घरात तीच जुनी रेकॉर्ड सुरू झाली. आजी मोबाइलवर घसरली, दाजी म्हणाले, "एवढ्यात चष्मा नको, मुलीची जात आहे." पोरगी कोपऱ्यात रडत होती, जणू तिने काही चोरलंय. मी दाजींना माझा चष्मा दिला आणि म्हणालो, "घाला, गरगरेल. हा दीडपासूनच सुरू झाला होता." मग सांगितलं की नंबर जास्त वाढला की पडदा ताणला जातो, तो फाटायचा किंवा सुटायचा धोका वाढतो, म्हणून मलाही दरवर्षी थेंब घालून पडदा तपासावा लागतो. लग्नाची काळजी नंतर करू.

आता ती पूर्ण वेळ चष्मा लावते. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. वेग वाढला तर अॅट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा खास काचा आहेत, ते डॉक्टर ठरवतील. लागलेला नंबर त्याने जात नाही, पण वाढ मंदावू शकते. संध्याकाळची एक ट्यूशन बंद केली आणि त्या वेळात दाजी तिला आमखास मैदानावर नेतात. परवा तिने पहिल्यांदा लांबून येणारा कॅच पकडला. मला फोन करून ओरडली, "मामा, बॉल दिसला!"

तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणी फळ्याकडे डोळे बारीक करून बघत असेल तर रागावू नका, डोळे तपासायला न्या. भाग संपला. फोन लगेच खिशातून काढू नका, अजून एक चक्कर मारा. भेटू पुढच्या भागात.