वाहनावरील नाव : रस्ता, वस्ती आणि स्थानिक नियमन

मालवाहू गाडीच्या अंगावर मालकाचे नाव रंगविलेले असणे ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे की, तिच्यामागे कायद्याचा काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा येत नाही. वस्तुतः हे नाव कोठे असावे, किती मोठे असावे आणि कोठे मुळीच दिसू नये, यांविषयी इंग्लंड व अमेरिका या देशांत गेल्या दोन शतकांत जे नियम झाले त्यांत एक विलक्षण उलटापालट आढळते. प्रारंभी जे नाव लिहिणे मालकावर बंधनकारक होते आणि पुढे जाहिरातबंदीच्या काळातही ज्याला खास सूट होती, तेच नाव निवासी उपनगरांत आक्षेपार्ह ठरले. रस्त्याचा प्रश्न हळूहळू वस्तीचा झाला, आणि वस्तीचा प्रश्न तेथे कोणी राहावे याचा झाला, असे या इतिहासाचे स्वरूप आहे.

इंग्लंडच्या १८३५ च्या महामार्ग कायद्याने मालाच्या गाड्यांच्या उजव्या बाजूस मालकाचे संपूर्ण नाव व राहण्याचे ठिकाण निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत रंगविणे आवश्यक केले होते. येथे नाव म्हणजे जाहिरात नव्हे, तर उत्तरदायित्वाची खूण. कोणाच्या गाडीने रस्त्याची नासधूस केली वा वाटसरूस इजा केली हे कळावे, एवढाच त्यातील हेतू. याउलट १८५३ च्या लंडनच्या भाडोत्री गाड्यांविषयीच्या कायद्यात, रहिवाशांस वा वाटसरूंस अडथळा किंवा उपद्रव होईल अशा रीतीने गाडीवरून, घोड्यावरून अथवा पायी फलक मिरविण्यास मनाई करण्यात आली. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या झाल्या होत्या : कामाच्या गाडीवरील मालकाचे नाव, आणि जाहिरात हेच जिचे काम अशी गाडी. हाच भेद पुढे न्यूयॉर्कच्या नगरनियमांत उतरलेला दिसतो.

न्यूयॉर्कमध्ये जाहिरातीच्या गाड्यांना रस्त्यावर बंदी होती. परंतु मालकाच्या नेहमीच्या धंद्यात गुंतलेल्या गाडीवर त्या धंद्याची सूचना लिहिण्यास मुभा होती. फिफ्थ ॲव्हेन्यू कोच कंपनी आपल्या प्रवासी गाड्यांच्या बाह्य भागावर इतरांच्या जाहिराती लावून उत्पन्न मिळवीत असे. तिने या बंदीस आव्हान दिले. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराचा अधिकार मान्य केला. तथापि या भेदाची खरी कसोटी लागली ती १९४९ च्या ‘रेल्वे एक्सप्रेस एजन्सी विरुद्ध न्यूयॉर्क’ या खटल्यात.

या कंपनीच्या सुमारे १९०० मालमोटारी न्यूयॉर्क शहरात फिरत. त्यांच्या बाजूंवरील जागा ती जाहिरातींसाठी विकीत असे, आणि त्यांपैकी बहुतेक जाहिरातींचा कंपनीच्या धंद्याशी संबंध नसे. वाहतूक नियमांच्या १२४ व्या कलमाचा भंग केल्याबद्दल तिला दंड झाला. कंपनीचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता : चालकाचे वा पादचाऱ्याचे लक्ष विचलित करण्याचा दोष जाहिरातीत असेल, तर ती मालमोटारीच्या मालकाची आहे की परक्याची यावर तो कसा अवलंबून राहील? एकच चित्र, त्याच रंगात, एका गाडीवर निर्धोक व दुसऱ्या गाडीवर धोकादायक ठरत होते. शिवाय टाइम्स स्क्वेअरमधील झगमगत्या फलकांना कोणी हात लावीत नव्हते, हे वेगळेच.

न्यायमूर्ती डग्लस यांनी न्यायालयाच्या वतीने शहराचा नियम वैध ठरविला. स्वतःच्या मालाची जाहिरात करणाऱ्यांमुळे वाहतुकीस तितका उपद्रव होत नाही, असा निष्कर्ष स्थानिक अधिकाऱ्यांनी अनुभवाने काढला असू शकेल. आणि एका जातीचे सर्व दोष एकदमच दूर केले पाहिजेत असे समान संरक्षणाचे तत्त्व सांगत नाही, हा त्यांच्या निर्णयाचा आशय. निष्कर्ष खरोखरच तसा काढला होता काय, याचा पुरावा मात्र न्यायालयाने मागितला नाही. न्यायमूर्ती रटलेज यांनी समान संरक्षणाच्या मुद्द्यावर शंका राखूनच संमती दिली. न्यायमूर्ती जॅक्सन निर्णयाशी सहमत झाले, परंतु त्यांचे स्वतंत्र मतच पुढील पिढ्यांनी अधिक वाचले. अल्पसंख्यांवर लादायचा नियम सर्वांवर लादण्याची सक्ती असेल, तर मनमानी कारभारास आपोआप आळा बसतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. अखेर स्वतःच्या हितासाठी केलेली कृती आणि भाड्याने केलेली कृती यांत कायदा पूर्वीपासून भेद करीत आला आहे, या आधारावर त्यांनी नियम मान्य केला. थोडक्यात, १९४९ मध्ये मालकाचे स्वतःचे नाव हे सर्वांत सुरक्षित अक्षर होते.

या सर्व वादात निवासी वस्तीचा उल्लेख नाही. त्याची बीजे अन्यत्र होती. क्लीव्हलंडजवळील युक्लिड या गावाची भूविभागणी १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली, तेव्हापासून घरांची वस्ती धंद्यापासून अलग राखणे हे अमेरिकन नगररचनेचे मान्य सूत्र झाले. पुढे १९५४ मध्ये ‘बर्मन विरुद्ध पार्कर’ या खटल्यात, नगर जसे आरोग्यदायक तसे सुंदरही असावे असे विधिमंडळाने ठरविल्यास त्यात गैर काही नाही, असा निर्णय लिहिला गेला. तो लिहिणारे न्यायमूर्तीही डग्लसच. पाच वर्षांपूर्वी वाहतुकीच्या सुरक्षिततेचा आधार घेणाऱ्या लेखणीने आता सौंदर्यालाही स्थान दिले. उपनगरांच्या हाती याहून सोयीचे शस्त्र क्वचितच आले असेल. अपघात मोजता येतात, कुरूपता मोजता येत नाही.

उपनगरांच्या नियमांत मालकाच्या नावाची सूट उलटी झाली. तेथे ‘व्यापारी वाहन’ कोणते हे कधी वजनावरून, कधी बांधणीवरून आणि पुष्कळदा बाजूवरील अक्षरांवरून ठरविले जाते, आणि असे वाहन रात्री घरापुढे उभे करण्यास बंदी असते. नळजोडणी करणारा वा वीजकाम करणारा कारागीर दिवसा त्याच वस्तीतील घरांची कामे करतो. त्याचे नाव दाराशी दिवसभर उभे असते व त्याबद्दल कोणाचा आक्षेप नसतो. तो तेथेच राहत असेल, तर मात्र सायंकाळनंतर तेच नाव नियमभंग ठरते. या रचनेत सेवा हवी असते, सेवकाचे शेजारपण नको असते, असे म्हणावयास बरीच जागा आहे.

फ्लॉरिडातील कोरल गेबल्स हे याचे टोकाचे उदाहरण. जॉर्ज मेरिक यांनी आखलेल्या आणि १९२५ मध्ये नगराचा दर्जा मिळालेल्या या शहरात पिकअप जातीची मोटार निवासी भागात रात्री बंदिस्त गॅरेजबाहेर ठेवणे निषिद्ध होते. एका रहिवाशाने त्यास आव्हान दिले. त्याची गाडी केवळ खाजगी वापराची होती. वाहनाचा आकार हीच जणू पाटी मानली गेली होती. २००७ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाच्या छोट्या पीठाने नियम रद्द ठरविला. २०१० मध्ये पूर्णपीठाने तो पुन्हा वैध ठरविला. शेवटी २०१२ मध्ये नागरिकांनीच मतदानाने खाजगी पिकअपवरील बंदी उठविली. न्यायालयाने जे केले नाही ते शेजाऱ्यांनी केले, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

दुसरीकडे कायद्याची भूमीही बदलत होती. १९४९ मध्ये भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा उपस्थितच झाला नव्हता, कारण व्यापारी जाहिरातीस ते संरक्षण नाही असे १९४२ मध्ये ठरून गेले होते. तो निर्णय जवळजवळ सहज, जाता जाता दिला गेला, असे पुढे १९५९ मध्ये डग्लस यांनीच म्हटले. १९७६ मध्ये न्यायालयाने जाहिरातीस मर्यादित संरक्षण दिले. या बदलाचा परिणाम ओहायोतील ग्लेंडेल येथे दिसला. सिनसिनॅटीच्या सुखवस्तू लोकांसाठी एकोणिसाव्या शतकात रेल्वेलगत वसलेल्या या गावात, रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारीवर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावण्यास बंदी होती. गाडी पाहावयास लोक रस्त्यात येतील व अपघात होईल, असे पोलीसप्रमुखांचे म्हणणे. २००७ मध्ये संघीय अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने निसटत्या बहुमताने हा नियम रद्द केला : असे खरोखर घडते याचा कोणताही पुरावा गावाने दिला नव्हता. १९४९ मध्ये जो प्रश्न विचारला गेला नाही, तोच येथे निर्णायक ठरला.

दरम्यान संघीय नियमांनुसार आंतरराज्य व्यापारात चालणाऱ्या व्यापारी मोटारीच्या दोन्ही बाजूंवर वाहतूकदाराचे नाव व क्रमांक दिवसा ५० फुटांवरून वाचता येतील असे असावे लागतात. हा १८३५ च्या कायद्याचाच वंशज. एक नियम नाव दाखवा म्हणतो, दुसरा ते झाका म्हणतो. लहान व्यावसायिकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे चुंबकाने चिकटणारी पाटी : सकाळी कामावर निघताना दारावर लावायची, आणि सायंकाळी वस्तीत शिरताना काढून आसनामागे ठेवायची.