टाळेबंदीतील कुरडया

सन २०२० च्या मार्चमध्ये २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. आपल्या शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. भगिनींनो, त्या उन्हाळ्यातील घरकामाची हकीकत मंडळाच्या दप्तरी राहावी, म्हणून हे चार शब्द.

एरवी चैत्र-वैशाखात वाळवण म्हणजे सगळ्या गल्लीचे काम. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, मग तो एकीने आधणात ओतायचा नि दुसरीने हाटायचा. गुठळी झाली की बोलणी दोघींनाही! त्या वर्षी मात्र जिची तिची गच्ची निराळी. हाटायला यजमानांना बसवले. तीस वर्षांच्या संसारात प्रथमच. पहिली खेप फुकट गेली, दुसरी जमली. मग त्यांना हुरूपच आला. त्यांनी परसात आळी केली. नळाला पाणी रोज येत नाहीच, तेव्हा तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी अळूला नि दोडक्याला जाऊ लागले. दिवस भरून जाई, आणि खरे सांगते, मला त्यात सुख वाटू लागले होते.

८ मे रोजी सकाळी कुरडया उन्हात मांडत असता बातमी आली. जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील मजूर थकून करमाडजवळ रुळांवर निजले होते. पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले. करमाड आपल्याच तालुक्यातले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या.

कुरडया वाळल्या, डब्यात भरल्या. तो डबा दिवाळीपर्यंत माझ्याने उघडवला नाही.