मोटारीचा पेट्रोल-पंप आणि अंगणातली विद्या

इतिहास म्हटला की आपणा नगरकरांच्या डोळ्यांसमोर भुईकोट किल्ला उभा राहतो, चांदबिबी उभी राहते, १९४२ साली त्याच किल्ल्यात स्थानबद्ध केलेले राष्ट्रीय नेते उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या गावच्या छावणीत १९२० च्या दशकापासून चिलखती मोटारी व रणगाडे चालविण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण दिले गेले, आणि १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी ज्या नगर-पुणे रस्त्याने धावली, त्या गावाच्या इतिहासात हातात पाना धरणाऱ्या माणसालाही जागा असावयास हवी. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांला तोच इतिहास जवळचा वाटतो. आज तो एका लहानशा वस्तूच्या आधाराने मांडावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारीच्या बोनेटखालचा, मुठीएवढा पेट्रोल-पंप. हा पंप एके काळी माणूस स्वतःच्या अंगणात बदलू शकत असे. आजच्या गाडीत ते जवळजवळ अशक्य झाले आहे. या बदलात काय मिळाले, काय गेले, आणि जे गेले ते कोणाचे गेले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रारंभीच्या कित्येक मोटारींना पंप नव्हताच. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत पेट्रोल आपल्याच वजनाने टाकीतून इंजिनाकडे उतरत असे. टाकीत पेट्रोल कमी असले की चढावर ते पुढे पोचत नसे. मग चालक गाडी उलटी वळवून मागच्या अंगाने चढण चढत. यावर हसण्याचे कारण नाही. आपल्याच गावी कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यात १९७० च्या दशकात निघू लागलेली ‘लूना’ याच न्यायाने चालली. टाकी वर, इंजिन खाली, मध्ये एक तोटी.

मोटारीत मात्र टाकी मागे आणि खाली गेली, तेव्हा पेट्रोल वर खेचून आणणे भाग पडले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जो यांत्रिक पंप रूढ झाला, त्याची रचना इतकी साधी आहे की शाळकरी मुलालाही समजावी. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील उंचवटा एका दांडीला हलवितो. दांडी रबरी कापडाचा पडदा, म्हणजे डायफ्राम, खाली ओढते. पेट्रोल आत येते. मग स्प्रिंग पडदा वर लोटते. पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. दोन झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. दर चौरस इंचास तीन-चार पौंड एवढा दाब पुरतो. विजेची तार नाही, गुप्त भाग नाही. स्क्रू काढले की सारे शास्त्र तळहातावर येते.

हे शास्त्र आपल्याकडे कसे रुजले? १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकावयास काढलेल्या जीपा व ट्रक गावोगाव पोचले. छावणीच्या गावांत त्यांची दुरुस्ती जाणणारे हातही होते. पुढे १९५३-५४ च्या सुमारास सरकारने, जे देशात माल बनविणार नाहीत त्यांनी नुसती जुळणी करू नये, असे धोरण धरले आणि परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ साली आलेले नवे रूप १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखले गेले. नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. तेव्हा हाती असलेली गाडी जगविणे हाच मार्ग होता. आपली दुरुस्तीची विद्या हौशीतून नव्हे, टंचाईतून जन्मली.

त्या विद्येला शिस्तही होती. गाडी बंद पडली की जाणता मिस्त्री लगेच पंपावर आळ घेत नसे. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे काय, नळीला भेग आहे काय, हे आधी पाही. टाकीकडचा जोड सैल असेल तर पेट्रोल गळत नाही, हवा मात्र खेचली जाते, आणि निर्दोष पंप बदनाम होतो. दोष पंपाचाच ठरला तर काम उघड्यावर आणि इंजिन थंड असताना करावयाचे. बॅटरीची तार सोडावयाची, जवळपास विडी पेटू द्यावयाची नाही. नळ्या काढून त्यांची तोंडे बुजवावयाची, दोन नट सोडून पंप बाहेर घ्यावयाचा. तो उघडावयाचा असेल तर दोन्ही भागांवर कानशीने खूण करावयाची, म्हणजे परत बसविताना तोंडे चुकत नाहीत. फियाटमध्ये पंपाखालच्या पॅकिंगची जाडी तीच राखावी लागे. ती वाढली तर दांडीचा रेटा कमी पडतो आणि पेट्रोल अपुरे येते. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल इंजिनात उतरले असेल तर पातळ झालेले ऑईलही बदलणे आले. एरवी पंप नवा आणि इंजिन जायबंदी, अशी गत व्हावयाची. उन्हाळ्यात करंजी घाट चढताना पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी अडे. मग पंपावर ओले फडके टाकीत. पंप द्रव ओढतो, वाफ ओढू शकत नाही, हे त्या फडक्यामागचे पदार्थविज्ञान होते.

पण या जुन्या काळाचे गोडवे गाऊन थांबणे आम्हांला मान्य नाही. ही विद्या कोणाच्या अंगावरून वाहत आली तेही सांगितले पाहिजे. गॅरेजमधला पोऱ्या दहा-बारा वर्षांचा असे; पगार जेमतेम, शिव्या भरपूर. कोरड्या नळीत पेट्रोल आणण्यासाठी ती तोंडाने ओढण्याचे काम बहुधा त्याच्याच वाट्याला येई. त्या पेट्रोलात शिसे होते. ते देशभर बंद झाले २००० साली. बऱ्याच पंपांना हाताने हलविण्याची दांडी होती, तरीही तोंड वापरले जाई, कारण मुलाचे तोंड स्वस्त होते. त्याच्या ज्ञानाला प्रमाणपत्र नव्हते आणि त्याच्या आजाराला नोंद नव्हती.

२००० च्या सुमारास धुराचे नवे नियम आले. कार्बोरेटर गेला, इंधन फवारणारी यंत्रणा आली. तिला पूर्वीच्या दहापट किंवा अधिक दाब लागतो, म्हणून विजेवर चालणारा पंप टाकीच्या पोटात बसला. हवा स्वच्छ झाली, घाटातले ओले फडके सुटले. हा लाभ खरा आहे. परंतु तो पंप उघडत नाहीत, फेकतात. नळीत दाब कोंडलेला असतो, म्हणून अजाण माणसाने त्याला हात लावणे धोक्याचे. ज्ञान अंगणातून उठून कंपनीच्या कार्यशाळेत गेले.

आणि तरीही जुना पडदा आज पुन्हा चर्चेत आला आहे. त्याचे कारण आपल्याच जिल्ह्यातल्या शेतात उभे आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्या वाटेने जिल्हा साखरेचा झाला, आणि आता उसापासूनचे इथेनॉल पेट्रोलात मिसळते. २०२२ साली दहा टक्के, २०२५ साली वीस टक्के. शेतकऱ्याला त्यात दोन पैसे मिळत असतील तर आनंदच आहे. पण जुन्या पंपांतले रबर इथेनॉलने फुगते, कडक होते, फाटते. जुनी गाडी वापरणारा बहुधा श्रीमंत नसतो. त्याने योग्य रबराचा पडदा आणि नळ्या कोठून आणाव्यात, त्या कोणी बसवाव्यात?

२०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि मोटारीही तिच्या कक्षेत घेतल्या. हा हक्क कागदावर राहू नये असे वाटत असेल तर मागण्या साध्या आहेत. सुटे भाग सर्वांना मिळावेत. माहिती मराठीत छापली जावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जुने-नवे दोन्ही पंप उघडून शिकवावेत. गॅरेजमधल्या कामगारांच्या हाताला प्रमाणपत्र मिळावे, आणि लहान मुलाच्या हाती पान्याऐवजी पुस्तक असावे.

२०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या अहिल्याबाईंनी घाट आणि विहिरी बांधताना त्या कोणाच्या उपयोगी पडणार याचा विचार केला, त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात विद्या थोड्यांच्या कुलपात राहू नये. यंत्र बदलेल; ते बदललेच पाहिजे. मात्र यंत्राबरोबर ते जाणणाराही पुढे गेला, तरच त्या बदलाला प्रगती म्हणता येईल.