एमआयडीसीच्या शेजारी खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या आहेत? आधी हे वाचा

जालना एमआयडीसीत स्टीलच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल चालू आहेत तोवर खोल्यांना गिऱ्हाईक आहे, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून आलेले कामगार चंदनझिरा, नागेवाडी, दरेगावच्या बाजूला खोली शोधत असतात. त्यामुळे रिटायरमेंटची रक्कम हातात आलेले अब्बा असोत की दुकानातून चार पैसे शिल्लक टाकणारा भाऊ, दोघांच्याही डोक्यात पहिला विचार येतो तो प्लॉट घेऊन दोन-तीन खोल्या टाकण्याचा. विचार वाईट नाही. पण या धंद्यात पैसा बुडतो तो भाडेकरूपायी कमी आणि जागेच्या कागदापायी जास्त.

एमआयडीसीच्या हद्दीतला प्लॉट मुळात विकत मिळत नाही. महामंडळ तो 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने, ठरलेल्या उद्योगासाठी देतं. तिथल्या शेडमध्ये खोल्या पाडून भाड्याने देणं म्हणजे पट्ट्याची अट मोडणं. म्हणून घ्यायची ती हद्दीबाहेरची, निवासी वापराची जागा. खरी गंमत इथूनच सुरू होते. शंभराच्या, पाचशेच्या बॉन्डवर नोटरी करून गुंठा-दोन गुंठे विकणारे भरपूर भेटतात. नोटरीने मालकी येत नाही. ती फक्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच येते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवला तरी भुलू नका, तो कराचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. एनए झालं आहे का, लेआउट मंजूर आहे का, हे स्वतः जाऊन बघा. दलालाच्या मोबाईलमधल्या फोटोवर विश्वास ठेवू नका.

सातबारा घेतलात की इतर अधिकाराचा रकाना आणि भोगवटादार वर्ग नीट वाचा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इकडे इनामी आणि खिदमतमाश जमिनी पुष्कळ आहेत. मशिदीच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली वक्फची जमीन खाजगी माणसाला विकता येत नाही. विकणारा आपलाच नातेवाईक असला तरी नाही. अशा जागेवर खोल्या बांधल्या तर उद्या खोल्याही जातात आणि अल्लाहच्या दारातली जबाबदारीही डोक्यावर राहते.

दुसरी अडचण आपल्या घरांमधलीच. वडील वारले, जागा तिघा भावांच्या नावावर लागली आणि बहिणींचा उल्लेखच नाही, असे उतारे आपल्याकडे नवीन नाहीत. शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे, आईलाही वाटा आहे, आणि आपल्या वारसा कायद्यानेही तो त्यांचा हक्क आहे. “बहिणींनी माफ केलं” हे तोंडी वाक्य कोर्टात उभं राहत नाही. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मिळेपर्यंत बयाणा देऊ नका. आणि आपल्याच घरची जागा असेल तर आधी बहिणींना त्यांचा वाटा द्या, मग खोल्या बांधा.

हिशेब कागदावर मांडा

समजा, जागा आणि तीन पक्क्या खोल्या मिळून 9 लाख लागले आणि खोलीमागे 2,500 रुपये भाडं आलं. वर्षाचे 90,000 होतात, पण ते कधी पूर्ण येत नाहीत. प्रत्येक खोली वर्षात दोन महिने रिकामी धरली तर 75,000. घरपट्टी, पाणी, डागडुजी यांत 15,000 गेले की हातात 60,000, म्हणजे गुंतवणुकीवर सात टक्क्यांच्याही आत. कर्ज काढून हे गणित जमत नाही, व्याजाचा प्रश्न तर वेगळाच. ‘ड्रायपोर्ट झाला की भाव दुप्पट’ हे वाक्य 2015 च्या डिसेंबरमधल्या भूमिपूजनापासून ऐकू येतंय. त्या आशेवर प्लॉट घ्यायचा तर ती भाड्याची कमाई नव्हे, वेगळा जुगाड आहे.

मंदीत भट्ट्या थंडावतात आणि खोल्या एका आठवड्यात रिकाम्या होतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हेच झालं. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळावर मालगाडीखाली सापडून गेलेले 16 मजूर जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होते. चालत गावी निघाले होते. आपल्या खोल्यांत राहणारे लोक असेच असतात, कामावर पोट असलेले. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर अशा वेळी भाड्यासाठी कोणाचं सामान बाहेर काढायची वेळ आपल्यावर येत नाही.

पाण्याचं विसरू नका. शहराला पाणी जायकवाडीहून येतं तेही रोज नाही, आणि बोअर उन्हाळ्यात दगा देतो. जागा मे महिन्यात बघा, शेजारच्या बायकांना विचारा, त्या खरं सांगतील. पत्र्याच्या खोल्या स्वस्तात होतात, पण रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी त्यात झोपू शकत नाही, मग तो खोली सोडतो. वीज सगळ्या खोल्यांना एकाच मीटरवर दिली तर युनिट एकत्र होऊन महावितरणचा वरचा, महाग टप्पा लागतो. मीटर वेगळे घ्या.

भाडेकरू ठेवताना

करार तोंडी नको. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर वादात भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लिव्ह अँड लायसन्स ऑनलाइनही नोंदवता येतं. नोंदणी फी शहरात 1,000, ग्रामीण भागात 500 रुपये. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, दर महिन्याला पावती द्या. भाडं थकलं म्हणून नळ किंवा वीज तोडणं कायद्याने चालत नाही.

इन्कम टॅक्समध्ये घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरळ सूट मिळते, त्यामुळे भाडं लपवण्याची गरज नाही.

भाडं माफ करून त्याबदल्यात मोठी अनामत घेण्याची पद्धत आहे, ती टाळलेली बरी. अनामत म्हणजे कर्ज आणि त्यावर फुकट राहणं म्हणजे फायदा, म्हणून अनेक मुफ्ती तिला व्याजातच धरतात. जकातीचंही लक्षात घ्या: भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या किमतीवर जकात नाही, भाड्यातून साठलेल्या पैशावर निसाबाप्रमाणे आहे. पण भाव वाढला की विकू म्हणून घेतलेला प्लॉट व्यापारी माल ठरतो, त्याच्या बाजारभावावर दरवर्षी जकात निघते.